घरबसल्या गड पाहणं : वेळ दवडणं की यात्रा?



आमच्या महिला मंडळात मोबाइलवर गड-किल्ले पाहण्यावरून सध्या दोन तट पडले आहेत. निम्म्या जणी म्हणतात, साठी उलटल्यावर जप-स्वाध्याय सोडून स्कॉटलंडचे वाडे कसले पाहायचे? उरलेल्या जणी गुपचूप पाहतात आणि विचारलं की नाही म्हणतात. मी पाहते आणि उघड पाहते. पाहण्यात काही गैर नाही असं माझं मत आहे. पण ते कसं पाहायचं याला नियम हवेत, असंही मत आहे. आजचा लेख त्याबद्दल.

आधी हे सांगते की घरी बसून लांबच्या जागी जाणं ही मोबाइलने आणलेली गोष्ट नाही. आपल्याइतकी जुनी सवय त्याची कोणाला नसेल. आषाढ, कार्तिक आणि फाल्गुनातल्या अष्टाह्निकेत आपण नंदीश्वर द्वीपाची पूजा करतो. बावन्न जिनालयं आहेत तिथं. माणसाला तिथं जाताच येत नाही, मानुषोत्तर पर्वताच्या पलीकडे माणसाची वाट संपते, देव तेवढे जातात. म्हणून आपण अर्घ्य चढवतो ते भावाने. चारही दिशांची जिनालयं एकेक करून मनात उभी करतो. निर्वाणकांड म्हणताना अष्टापदापासून पावापुरीपर्यंत जातो, वाटेत गजपंथा, मांगी-तुंगी, कुंथलगिरी, मुक्तागिरी घेतो, आणि पाटावरून उठतसुद्धा नाही. सम्मेदशिखराची सत्तावीस किलोमीटरची वंदना गुडघ्यांमुळे ज्यांना आता जमत नाही, त्या पहाटे अंथरुणात बसून टोंकांची नावं घेतात. याला कोणी वेळ दवडणं म्हणत नाही.

लगेच कोणी अंगावर येऊ नका. गड पाहणं म्हणजे वंदना, असं मी म्हणत नाही. त्यात पुण्य मोजायला मी बसलेली नाही. एवढंच म्हणते की मनाने चालत जायची कला आपल्याला येते. ती क्रमाने करायची असते, मध्ये उठायचं नसतं, पुढची टोंक आधी घ्यायची नसते. हीच शिस्त पडद्यावर लावली तर पाहण्याला अर्थ येतो. बोटाने वर-वर सरकवत एका तासात चाळीस किल्ले पाहिले तर ते अनर्थदंडातच जमा होईल, तिथं मी विरोधी तटाच्या बाजूने आहे.

मंडळातल्या एका अक्कांचा प्रश्न मात्र खरा अवघड होता, आणि त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. त्यांनी दिग्व्रत घेतलं आहे. महाराष्ट्र, कर्नाटक आणि शिखरजी, बाकी कुठे जाणार नाही. त्यांनी विचारलं, मी एडिनबरोचा किल्ला मोबाइलवर पाहिला तर माझं व्रत मोडलं का?

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात दिग्व्रताचे अतिचार दिले आहेत. ठरवलेल्या हद्दीपलीकडे वर जाणं, खाली जाणं, आडवं जाणं, हद्द वाढवून घेणं आणि हद्द विसरणं. टीकाकारांनी उदाहरणं दिली आहेत ती डोंगर चढण्याची, विहिरीत उतरण्याची, गुहेत शिरण्याची. सगळी देहाने जाण्याची. व्रताचा हेतूच हा की हद्दीबाहेर आपल्या हातून हिंसा होऊ नये आणि लोभ तिकडे धावू नये. खुर्चीत बसून किल्ला पाहणाऱ्या बाईच्या पायाखाली तिथली मुंगी येत नाही. म्हणून माझं मत, दिग्व्रत मोडत नाही.

पण त्याच्या पुढचं सूत्र वाचा. ते देशव्रताचं आहे, म्हणजे आज दिवसभर या घराबाहेर जाणार नाही, अशी थोड्या काळाची मर्यादा. त्याचे पाच अतिचार आहेत. आनयन, म्हणजे हद्दीबाहेरची वस्तू मागवणं. प्रेष्यप्रयोग, दुसऱ्याला पाठवून काम करून घेणं. शब्दानुपात, आवाज देऊन बाहेरच्याला कळवणं. रूपानुपात, स्वतःचं रूप दाखवून कळवणं. पुद्गलक्षेप, काही फेकून खूण करणं. शेकडो वर्षांपूर्वी लिहिलंय हे! आज वाचलं की ऑनलाइन मागवलेलं पार्सल, डिलिव्हरीवाला मुलगा, व्हॉट्सअॅपवरचा आवाज आणि व्हिडिओ कॉल हे चौघं रांगेने समोर उभे राहतात. तेव्हा देशव्रताच्या दिवशी फोन कपाटात, यात मला शंका नाही. आणि एरवीसुद्धा किल्ला पाहता पाहता खाली स्कॉटिश लोकरीची शाल दिसली आणि बोट तिकडे गेलं, तर डोळ्यांमागून लोभ गेलाच की. ज्यांनी व्रत घेतलंय त्यांनी आपल्या महाराजांना किंवा माताजींना विचारून घ्यावं. मी माझं वाचन सांगितलं.

दुसरा आक्षेप अहिंसेचा. गड म्हणजे तोफा, वेढे, रक्त. जैन बाईने ते कशाला पाहायचं? आपल्या शास्त्राने हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार केले आहेत, आणि गृहस्थाला पूर्ण त्याग सांगितला तो संकल्पी हिंसेचा. स्वतःचं आणि आश्रितांचं रक्षण करताना होते ती विरोधी. तट आणि बुरूज त्यासाठीच बांधले गेले. शिवाय पन्हाळा बांधला तो शिलाहार राजा दुसऱ्या भोजाने, आणि याच भोजाच्या राज्यात आजऱ्याला १२०५ साली सोमदेवांनी शब्दार्णवचंद्रिका हा जैनेंद्र व्याकरणावरचा ग्रंथ लिहिला. कोल्हापूर माझं माहेर. पन्हाळ्याला शाळेच्या सहलीत गेलो तेव्हा बाजीप्रभू सांगितले, ते सांगायलाच हवेत. सोमदेव मात्र कोणी सांगितले नाहीत.

आणि गडावर पाहायचं काय, हे आपल्या हातात असतं. मी तोफा मोजत नाही. मी पाणी शोधते आणि कोठार शोधते. चारशे माणसं वर असतील तर ती पितात काय, खातात काय, हा बाईचा प्रश्न आहे आणि मोठमोठे गड याच प्रश्नावर पडले किंवा टिकले. सिंधुदुर्ग भर समुद्रात आहे, पण आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. नावं ठेवणारीला, किंवा ठेवणाऱ्याला, स्वयंपाकघर ठाऊक होतं. पन्हाळ्याच्या अंबरखान्यातल्या धान्याच्या कोठ्यांना गंगा, यमुना, सरस्वती म्हणतात. आमच्या सह्याद्रीचा दगड म्हणजे ज्वालामुखीचा काळा कातळ. आपल्या लोकांनी त्यातच टाकी खोदली आणि पावसाचं पाणी धरलं.

आता एडिनबरोचा किल्ला घ्या. तोही थंड झालेल्या ज्वालामुखीच्याच कातळावर उभा आहे, आपल्यापेक्षा कितीतरी जुन्या. तिथं विहीर होती. १५७३ साली तोफांच्या माऱ्यात डेव्हिड बुरूज कोसळला, त्याचा राडारोडा विहिरीवर पडला, पाणी बंद झालं आणि थोड्याच दिवसांत किल्ला द्यावा लागला. हे वाचल्यावर मी सिंधुदुर्गाच्या तिन्ही विहिरी पुन्हा एकदा पाहिल्या.

त्याच एडिनबरोच्या किल्ल्यात एक लहानशी खोली आहे. आमच्या घराच्या कोठीच्या खोलीएवढी वाटते पडद्यावर. १९ जून १५६६ रोजी राणी मेरी तिथं बाळंत झाली. तो मुलगा पुढे स्कॉटलंड आणि इंग्लंड दोन्हींचा राजा झाला. खोलीपुढे मी बराच वेळ थांबले, आणि मग शिवनेरी लावला. १६३०, फेब्रुवारी. शहाजीराजे मोहिमांवर, जिजाऊ गडावर. एक राणी आणि एक जहागीरदारीण, दोघींनी बाळंतपणाला तटबंदी निवडली. बाहेर काय परिस्थिती असेल तेव्हा बाईला पहिल्या कळा किल्ल्यात घ्याव्या लागतात! हे दोन गड एका दुपारी शेजारी शेजारी पाहता आले, ते खुर्चीत बसल्यामुळेच. पायाने जाणाऱ्याला तसं कधी जमणार नाही.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर डनॉटर म्हणून गड आहे. तीन बाजूंनी समुद्र, अगदी आपल्या रत्नदुर्गासारखा, फक्त दीपगृह आणि भगवतीचं देऊळ नाही. क्रॉमवेलच्या फौजेने त्याला वेढा घातला तेव्हा स्कॉटलंडचा राजमुकुट, राजदंड आणि तलवार आत होती. गड १६५२ साली पडला आणि शत्रू आत शिरला तर मुकुट नाही! जवळच्या किनेफ गावच्या धर्मोपदेशकाची बायको, क्रिश्चन फ्लेचर, तिने या वस्तू बाहेर काढवल्या. कशा, याच्या दोन-तीन कथा आहेत. देवळाच्या फरशीखाली पुरून ठेवल्या आणि राजा परत येईपर्यंत, १६६० पर्यंत, नवरा-बायकोने तोंडातून अवाक्षर काढलं नाही. रायगडच्या हिरकणीचं नाव आपल्याकडे पोरासोरांना माहीत आहे. क्रिश्चनबाईंचं मला साठीनंतर कळलं.

इथं माझी बी.कॉम.ची सवय सांगते. मी वही घालते. डाव्या पानावर गडावर दिसलेली वस्तू, उजव्या पानावर त्याचा पुरावा. शिलालेख आहे का, पत्र आहे का, तारीख कुठून आली. व्हिडिओ बनवणारी मुलं फार गोड बोलतात, पण व्हाउचर नसलेल्या नोंदी फार करतात. प्रत्येक गडावर एक भुयार असतं आणि ते थेट दुसऱ्या गडापर्यंत जातं. आजवर एकानेही त्या भुयारातून चालून दाखवलेलं नाही. हिरकणीची गोष्ट मी उजव्या पानावर ‘लोकांच्या तोंडून’ अशी लिहिली आहे. त्याने ती लहान होत नाही, खतावणी तेवढी स्वच्छ राहते.

पुराव्यावरून आठवलं. पर्समधली जांभळट शंभराची नोट काढा. मागच्या बाजूला पाटणची रानी की वाव आहे. राणी उदयमतीने पती भीमदेवाच्या स्मरणार्थ बांधलेली, अकराव्या शतकातली. शतकानुशतकं ती सरस्वती नदीच्या गाळाखाली होती. ती बांधणारी उदयमती होती, हे आपल्याला कशावरून कळतं? चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला जैन आचार्य मेरुतुंग यांनी प्रबंधचिंतामणीत तिचं नाव लिहून ठेवलं म्हणून. आणि गंमत म्हणजे २०११ साली या वावेची लेसर किरणांनी बारीक मोजणी करून संगणकात हुबेहूब प्रतिकृती बनवायला जी मंडळी आली, ती स्कॉटलंडची होती. स्वतःच्या पाच वारसास्थळांबरोबर जगातली आणखी पाच त्यांनी अशी मोजली, त्यात ही एक. वाव २०१४ मध्ये जागतिक वारसा झाली. तेव्हा स्कॉटलंड पाहून आपल्याला काय मिळणार, असं विचारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. ती माणसं मोजपट्टी घेऊन आपल्या एका राणीच्या विहिरीत उतरून गेली आहेत.

आपल्या गडांचं असं काम कुठवर आलंय? ११ जुलै २०२५ला, गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, पॅरिसमधून बातमी आली. मराठा लष्करी भूप्रदेश जागतिक वारशाच्या यादीत. बारा किल्ले, त्यातले अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातला सुवर्णदुर्ग त्यात आहे, शेजारचे विजयदुर्ग आणि सिंधुदुर्गही. आनंद झालाच. पण चातुर्मास नुकताच बसला होता, आणि पाठोपाठ मनात आलं की आता पावसातच गडांवर झुंबड उडणार.

हातखंब्याच्या नाक्यावर आयुष्य गेलंय माझं. मुंबई-गोवा महामार्ग आणि रत्नागिरी-कोल्हापूर रस्ता इथं मिळतात. कोणी गणपतीपुळ्याला, कोणी मालवणला, कोणी आंबा घाट चढून कोल्हापूरला. जग इथं वळतं आणि आमच्या दुकानात पाण्याची बाटली घेतं. पावसाळ्याच्या सुट्ट्यांत गाड्यांची रांग कशी लागते ते मी पाहते. आपले मुनी आणि माताजी पावसाळ्यात चार महिने एका जागी का थांबतात? गवत उगवलेलं असतं, माती जीवांनी भरलेली असते, पाऊल टाकावं तिथं काहीतरी जिवंत असतं. गडाचा माथा तर आषाढ-श्रावणात नुसता जीव असतो, इवलं इवलं रानफूल, गोगलगाई, शेवाळं. त्यावरून हजारो बूट जातात. वारसा जपायचा तर पावसाचे हे महिने गडाला थोडी विश्रांती द्यावी, असं मला प्रामाणिकपणे वाटतं, आणि ही गोष्ट आपल्या धर्माला सगळ्यांच्या आधी सुचलेली आहे. सुवर्णदुर्गाला समुद्र आपोआपच ती देतो, पावसाळ्यात हर्णैहून होडी जात नाही. तेवढे महिने खुर्चीतून पाहावं. सुवर्णदुर्गाचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही असा बांधला आहे, पायरीवर कासव कोरलंय, बाजूच्या भिंतीवर मारुती आहे. चांगला व्हिडिओ असेल तर हे सगळं स्वच्छ दिसतं, होडीतल्या मळमळीशिवाय.

या पाहण्यात तोटा नाही असं नाही. कॅमेऱ्याला चढ कळत नाही, सगळे गड सपाट दिसतात. वारा नाही, वास नाही. सगळी मुलं त्याच चार जागा दाखवतात, गडावर बायकांची सोय कुठे आहे हे एकही दाखवत नाही. आणि मला सर्वात खुपतो तो हिशेब. मी रायगड फुकटात पाहिला, पण पायथ्याला ताक आणि पिठलं-भाकरी विकणाऱ्या बाईच्या हातात माझा एक रुपया गेला नाही. शंभर जणी घरी बसल्या तर तिच्या शंभर भाकऱ्या गेल्या. म्हणून ज्यांचे गुडघे अजून चालतात त्यांनी दिवाळीनंतर जावंच. रायगडला १९९६ पासून रोपवे आहे, तो आपल्यासारख्यांसाठीच आहे असं समजा. रत्नदुर्ग तर आम्हाला घराजवळ, तो पडद्यावर पाहणं हा आळस म्हणेन मी. थिबा राजवाडाही तसाच. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं, १९१६ मध्ये इथेच तो वारला, आपला देश त्याला पुन्हा दिसला नाही. २०१२ साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष त्याच्या समाधीला येऊन गेले. आणि रत्नागिरीतल्या कितीतरी बायकांनी राजवाड्याचं फाटक ओलांडलेलं नाही.

सुरुवात करायची असेल त्यांच्यासाठी माझी पद्धत सांगते, पटली तर घ्या. एका बैठकीला एकच गड, जास्तीत जास्त पाऊण तास. आधी नकाशावर गाव शोधायचं, मग पायथा, मग दरवाजा, माथा शेवटी. पुढचा व्हिडिओ आपोआप लागतो ते बटण बंद करून घ्या, सुनेला किंवा नातवाला सांगितलं की होतं. लढाईची नाटकं, मोठ्या आवाजाचं संगीत असेल ते सोडून द्या, शांतपणे चालत दाखवणारी मंडळी आहेत. संध्याकाळचं जेवण सूर्यास्ताच्या आत उरकायचं असतं, तेव्हा त्या वेळी पाहायला बसू नका. अपवाद एकच. एडिनबरोच्या किल्ल्यावर रविवार सोडून बहुतेक रोज दुपारी एकला तोफ उडवतात, १८६१ पासून, बंदरातल्या जहाजांना घड्याळ लावता यावं म्हणून. उन्हाळ्यात तेव्हा आपले साडेपाच वाजलेले असतात. मी भाकऱ्या थापत असते आणि नातू ओरडतो, “आजी, तुझी तोफ झाली!”

या चातुर्मासात मी साल्हेर घेणार आहे. महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला, १५६७ मीटर, बागलाणात. १६७२ साली तिथं मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं. त्याच डोंगररांगेत आपली मांगी-तुंगी आहे, जिथं २०१६ मध्ये भगवान ऋषभदेवांची एकशेआठ फुटी मूर्ती उभी राहिली. साल्हेरच्या माथ्यावरून मांगी-तुंगीचे दोन्ही सुळके दिसतात म्हणतात, आणि हवा स्वच्छ असेल तर उलटंही दिसत असणार. तुमच्यापैकी पुष्कळ जणी मूर्तीच्या दर्शनाला जाऊन आल्या आहेत. वर चढल्यावर पश्चिमेकडे काढलेला एखादा फोटो कोणाकडे असेल तर मला दाखवा. त्यात साल्हेर कुठला ते शोधायचं आहे.